मामाजी आणि त्यांचे रक्तसाक्षी

अख्ख्या भंडारा जिल्ह्यात प्राचीन रोम शहराची सगळ्यात जास्त माहिती ज्या माणसाला आहे, तो आयुष्यात कधी नागपूरच्या पलीकडे गेलेला नाही. तो सानगडीजवळच्या एका खेड्यात राहतो, पाच एकरांत धान पिकवतो आणि नात्यानं माझा मामेसासरा लागतो. मी हे कौतुकानं सांगतोय की तक्रारीनं, ते माझं मलाच लग्नाला एकोणीस वर्षं झाली तरी ठरवता आलेलं नाही. मी भंडाऱ्याला भूगोल शिकवतो. लग्नानंतर पहिल्यांदा मामाजींकडे जेवायला गेलो, पाटावर बसलो, आणि पहिला घास उचलणार तोच त्यांनी विचारलं, "जवाईबापू, तुमी भूगोल शिकवता न? मंग सांगा बरं, रोमातून दक्षिणेकडच्या सडकेनं निघालं का गावाबाहेर काय लागते?" मी प्रामाणिकपणे म्हटलं, माहीत नाही. मामाजींचा चेहरा असा उजळला की जणू मी त्यांना हुंडा परत केला. "भुयारं लागते! जमिनीच्या पोटात कोसकोस भुयारं, अन् भिंतीत कप्पे करून ठेवलेले रक्तसाक्षी!" समोर बसलेली माझी बायको मला डोळ्यांनी सारखी खुणावत होती, लवकर जेवा, लवकर जेवा. मला ती खूण तेव्हा कळली नाही. मामीजी दुसऱ्यांदा भात घेऊन आल्या तोवर दोन संतांची मुंडकी उडाली होती, आणि ताक येईपर्यंत तिसऱ्याला उकळत्या तेलात सोडून झालं होतं.

यावरून कुणाला वाटेल की मामाजी ख्रिस्ती असतील. अजिबात नाहीत. त्यांच्या देव्हाऱ्यात गणपती आहे, अन्नपूर्णा आहे, पोळ्याला ते बैलांच्या शिंगांना स्वतः रंग लावतात. पण त्यांनी चौतीस वर्षं मिशनच्या सिस्टर लोकांच्या एका लहानशा दवाखान्यात ड्रेसर म्हणून नोकरी केली. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, गळवं फोडायची. तिथे केरळहून आलेली एक वयस्कर सिस्टर होती. रोज सकाळी दवाखाना उघडण्याआधी ती सगळ्या नोकरमाणसांना उभं करून एका जाडजूड हिंदी पुस्तकातून त्या तारखेच्या संताचं चरित्र वाचून दाखवायची. बाकीचे लोक घड्याळाकडे बघत उभे राहायचे. मामाजी ऐकायचे. वर्षाचे तीनशे पासष्ट संत, आणि अशी चौतीस वर्षं, म्हणजे एकेक संत त्यांच्या डोळ्यांदेखत चौतीस वेळा मेला आहे. पुढे सिस्टर लोकांनी तो दवाखाना बंद केला. जाताना म्हाताऱ्या सिस्टरनं मामाजींच्या हातात ते पुस्तक ठेवलं आणि आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "इसको तुम ही सुना था, बाकी सब खड़ा था." मामाजींनी पुस्तक तांबड्या फडक्यात गुंडाळून, पोथी ठेवतात तसं फळीवर ठेवलं. पुस्तकात अशा माणसांना शहीद म्हटलेलं आहे, पण कधीतरी दवाखान्यात पाहुणे आलेल्या एका मराठी फादरनं त्यांना 'रक्तसाक्षी' हा शब्द सांगितला, आणि तेव्हापासून मामाजींना दुसरा शब्द चालत नाही. "शहीद सीमेवरचा. हा रक्तसाक्षी. यानं कोणाले मारलं नाही, फक्त मेला," असा खुलासा ते न विचारता करतात.

मंत्रिमंडळात खातेवाटप होतं तसं मामाजींनी माणसाच्या शरीराचं वाटप करून टाकलेलं आहे. दात अपोलोनियाबाईकडे, कारण त्या म्हातारीचे दात लोकांनी मारून पाडले होते. घसा बिशप ब्लेझकडे, कारण त्यानं माशाचा काटा घशात अडकलेल्या पोराला वाचवलं होतं. डोळे लूसीकडे. हरवलेल्या वस्तू अँथनीकडे, आणि मामीजींचा चष्मा महिन्यातून चारदा हरवत असल्यामुळे अँथनी हा त्यांच्या घरातला सगळ्यात कामाचा माणूस आहे. अडचण एवढीच की ज्याचा जो अवयव दुखत असेल त्याला ती गोष्ट नेमकी त्याच वेळी ऐकवायची, असा मामाजींचा नियम. गावच्या शाळेत मोतीबिंदूचं शिबिर भरलं होतं. ओळीत बसलेल्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत थेंब टाकायला मामाजी हौसेनं गेले, आणि थेंब टाकता टाकता त्यांनी लूसीची गोष्ट काढली. लूसीनं आपले दोन्ही डोळे काढून थाळीत ठेवले, या वाक्यावर निम्मी ओळ उठून घरी गेली. शिबिरवाल्यांनी हात जोडून मामाजींना चहा वाटपाच्या कामाला लावलं. मामाजींचा राग मात्र पळालेल्यांवर. "अर्धी गोष्ट आइकून पळाले! देवानं तिले नवे डोळे देल्ले, थे आइकाले तरी थांबाचं होतं!" एकदा तर विजेच्या खांबावर चढलेल्या लाइनमनला त्यांनी खालून सायमनची गोष्ट सांगितली. हा सायमन सदतीस वर्षं एका खांबावर राहिला होता. तार जोडून होईपर्यंत लाइनमनला उतरता येत नव्हतं, आणि मामाजींना सदतीस वर्षांपैकी एकही वर्ष गाळणं मान्य नव्हतं.

पण गोष्ट सांगावी ती त्यांनीच. त्यांच्या तोंडी रोमचा सम्राट एखाद्या डोकं फिरलेल्या अंमलदारासारखा बोलतो. "काहून बे, माह्या देवाले हात नाही जोडत? लय शाना झाला का?" आणि समोरचा रक्तसाक्षी मात्र शांतपणे, हात मागे बांधलेले, "मालक, तुमचं डोकं तापलं हाय, मी थांबतो," असं काहीतरी म्हणतो. लॉरेन्सला निखाऱ्यांवर लोखंडी जाळीत भाजलं, तेव्हा तो म्हणाला होता की या बाजूनं झालो, आता पलटवा. हा मामाजींचा सगळ्यात लाडका प्रसंग. भरतासाठी वांगं निखाऱ्यावर ठेवलं की ते बाजूला येऊन बसायचे आणि वांगं पलटवताना दर वेळी तेच वाक्य बोलायचे, लॉरेन्सच्या आवाजात. मामीजींनी शेवटी ते घरात असताना भरीत करणं सोडून दिलं. इसिदोर नावाचा एक शेतकरी संत आहे, तो प्रार्थनेत गुंतला की देवदूत येऊन त्याचं शेत नांगरून द्यायचे. रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या दिवसांत बांधीत वाकलेल्या बायांना मामाजी बांधावर उभं राहून ही गोष्ट सांगत. एकदा एक म्हातारी कंबर सरळ करून म्हणाली, "भाऊ, देवदूत येवाचे तवा येतील, तोवर तुमीच उतरा न चिखलात!" मामाजी उतरले. मान्य करण्यासारखी गोष्ट असली की ते लगेच मान्य करतात.

गावात कुणी कधी विचारायचं, भाऊ बाटले का काय? मामाजी चिडत नसत. "मी कायले बाटतो? सिस्टरनं कधी म्हटलं नाही, मी कधी विचारलं नाही. गोष्ट आइकाले कागद लागते का?" असं म्हणून पुढची गोष्ट सुरू. त्यांचा खरा श्रोता म्हणजे शेजारचे निवृत्त गुरुजी. गुरुजींच्या ओसरीत बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, आणि त्या ओसरीवर चहाच्या वेळी रोज मामाजींचा संत. गुरुजी चिकित्सक माणूस. डोकं उडाल्यावर ते हातात धरून डेनिस चालत गेला, म्हणजे रस्ता बघत कोण होतं, असले प्रश्न विचारायचे. एकदा फारच वैतागून म्हणाले, "भाऊ, तुमच्या गोष्टीतला एक तरी माणूस संध्याकाळी घरी जेवाले येऊ द्या न!" मामाजींनी मनापासून विचार केला, फडक्यातलं पुस्तक काढून चाळलं, आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं की आहेत काही, पण ते अंथरुणात मेले, त्यांच्यात काही मजा नाही.

आता मी तुम्हाला जे सांगणार आहे ते मामीजींनी मला फार उशिरा सांगितलं. चौतीस वर्षं दुसऱ्यांची गळवं न डगमगता फोडणारा, लोखंडी जाळी आणि उकळतं तेल जेवणाच्या पाटावर आणणारा हा माणूस सुईला घाबरतो. थोडंथोडकं नाही. दवाखान्यात असताना त्यांना ताप आला की सिस्टर इंजेक्शन भरायच्या आणि मामाजी सायकल काढायचे. करोनाच्या लशीच्या दिवशी ते धानाच्या कोठीमागे जाऊन बसले होते. मामीजींनी हाताला धरून केंद्रावर नेलं, तर नर्सनं दंडावर कापूस फिरवताच खुर्चीवरून घसरले. सुई अजून ट्रेमध्येच होती. शुद्धीवर आल्यावर म्हणाले, "झाली का?" मामीजी म्हणाल्या, "नाही, आता व्हाची हाय," तर पुन्हा घसरले. त्यातच नर्सनं ती लस टोचून घेतली. मला हे ऐकून हसू आवरेना. मामीजी मात्र हसल्या नाहीत. "हसू नका जवाईबापू. थे रात्रंदिवस दुसऱ्याच्या मरणाच्या गोष्टी कायले सांगते, मले समजते," एवढंच म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या.

गेल्या वर्षी पावसाळ्यात, रोवणे आटोपून लोक जरा मोकळे झाले होते तेव्हा, मला गुरुजींचा फोन आला. गुरुजी कधी फोन करत नाहीत. म्हणाले, "सर, तुमी एकदा येऊन जा. काहीतरी बिघडलं हाय. एकवीस दिवस झाले, भाऊनं माझ्या ओसरीवर एकही संत मारला नाही." मी हसलो. गुरुजी हसले नाहीत. मग माझंही हसू गेलं.

आम्ही दोघं दुसऱ्याच दिवशी गेलो. मामाजी अंगणात खाटेवर बसून दोरी वळत होते. "या," म्हणाले, आणि तो आवाज ऐकून माझी बायको दारातच थांबली. वंगण नसलेल्या चाकासारखा, खरखरीत, मधेच तुटणारा आवाज. विचारलं तर म्हणे सर्दी आहे, पावसात भिजलो. मामीजींनी आतून सांगितलं की ही सर्दी अडीच महिन्यांची आहे. हळदीचं दूध झालं, ज्येष्ठमध झालं, गरम पाण्याच्या गुळण्या झाल्या. बोलताना आवाज फाटतो म्हणून त्यांनी बोलणंच सोडलं होतं. आणि एक गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती, पण कुणीच उच्चारत नव्हतं. नोकरीत असताना मामाजींनी वीस वर्षं सुपारी-तंबाखूचा खर्रा खाल्ला होता. आमच्याकडे घशाचं काही निघालं आणि खर्रा खाल्लेला असला, की पुढचं वाक्य कुणी पूर्ण करत नाही. मी काही बोलण्याआधी माझ्या बायकोनं त्यांच्या हातातली दोरी काढून घेतली. लहानपणी या मामाच्या खांद्यावर बसून ती सानगडीच्या बाजारात गेलेली. म्हणाली, "मामा, उद्या सकाळी आठ वाजता गाडीत बसायचं. कोणत्याच संताचं नाव सांगायचं नाही." मामाजींनी मान हलवली. त्यांनी वाद घातला नाही, याचीच मला जास्त भीती वाटली.

भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी नाकातून बारीक नळी घालून बघितलं. त्या वेळी मामाजींनी माझं मनगट असं धरलं होतं की माझ्या घड्याळाचा पट्टा तुटला. बाई म्हणाल्या, स्वरयंत्रावर एक गाठ आहे. काढावी लागेल आणि तपासायला पाठवावी लागेल. तोवर काहीच सांगता येत नाही. परत येताना लाखनी आली. मग मागच्या सीटवरून तो फाटका आवाज आला, "जवाईबापू, बेशुद्ध करतील न, तवा सुई टोचतील का नाकाले काही लावतील?" मी म्हटलं, सुई टोचतील, हाताला. "बरं," म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही सकाळी नऊला दवाखान्यात पोचलो. मामाजी उपाशीपोटी, धुतलेला सदरा, मांडीवर कपड्यांची पिशवी. बायको औषधांच्या दुकानात गेली होती. काउंटरवरच्या मुलीनं मला आधारकार्डाच्या दोन प्रती मागितल्या, म्हणून मी मामाजींना बाकावर बसवून समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. दहा मिनिटं लागली असतील. परत येतो तर फाटकातून मामाजी पिशवी छातीशी धरून बाहेर पडताहेत, मान खाली, पावलं बसस्टँडच्या दिशेनं. आम्ही अगदी समोरासमोर आलो. चोरी पकडल्यावर माणूस जे काही सुचेल ते बोलतो. मामाजी म्हणाले, "कुठं चालले जवाईबापू?"

मी त्या क्षणी भयंकर चिडलो होतो. आठ दिवसांची काळजी, बायकोचं रडणं, गुरुजींचे रोजचे फोन, सगळं एकदम वर आलं. मी म्हटलं, "कुठं म्हणजे? आत. तुमचा नंबर लागलाय तिकडे. तुम्ही निघालाच आहात, तर तुमच्या जागी मी जातो. माझा घसा कापू द्या त्यांना!"

मामाजी थांबले ते थांबलेच. त्यांच्या तोंडावरचा रंग उडाला. शेजारी उसाच्या रसाची गाडी होती, तिच्या बाकावर ते हळूच टेकले. मला वाटलं, उपाशीपोटी चक्कर आली. मी वाकलो तर त्यांनी माझा हात धरला आणि त्या फुटक्या आवाजात, दर दोन शब्दांनी थांबत, बोलू लागले.

"पीटर... सगळ्यायच्या पुढचा पीटर. रोमात धरपकड सुरू झाली. लोकं म्हणाले, तू निघ बापा. थो निघाला. म्हातारा माणूस. तेच दक्षिणेकडची सडक. समोरून त्याचा गुरू येऊन राहिला. आता गुरू तर कवाचाच क्रुसावर मेलेला. पीटरनं विचारलं, 'महाराज, तुमी कुठं चालले?' थो म्हणाला..." त्यांनी एकदा थुंकी गिळली. "थो म्हणाला, 'रोमात. तू निघून आला न, आता तुह्या जागी मी जातो.'"

रसवाला चरक थांबवून आमच्याकडे बघत होता. माझ्या हातात आधारकार्डाच्या दोन प्रती होत्या आणि शर्ट घामानं भिजला होता. माझी एवढ्या मोठ्या माणसाशी तुलना यापूर्वी कुणी केली नव्हती आणि पुढेही होईल असं वाटत नाही. मी एवढंच विचारलं, "मग?"

"मंग काय," मामाजी म्हणाले. "पलटला." त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली, उठले, आणि फाटकातून आत गेले. माझ्या पुढे.

आत नर्सनं त्यांच्या डाव्या हातात सुई टोचली तेव्हा मी शेजारी होतो. मामाजींनी डोळे गच्च मिटले होते. कपाळावर घामाचे थेंब. सुई बसली, चिकटपट्टी लागली, आणि मिटल्या डोळ्यांनीच ते पुटपुटले, "हा हात झाला. आता दुसरा पलटवू का?" नर्स गोंधळून म्हणाली, "नको काका, एकच पुरे." मी तोंड फिरवलं, कारण मला हसू येत होतं की दुसरं काही, ते मलाच कळत नव्हतं. त्यांना आत नेलं. पाऊण तासानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, म्हणाल्या, व्यवस्थित झालं, गाठ तपासायला पाठवली आहे, आठ दिवसांनी या. आणि पंधरा दिवस एक शब्द बोलायचा नाही.

मामाजींना पंधरा दिवस बोलायचं नाही, हे गावात कुणाला खरंच वाटेना. माझ्या बायकोनं त्यांना एक पाटी आणि खडूचा डबा आणून दिला. ती त्या आठवड्यात तिथेच राहिली, मी कॉलेज सुटलं की जाऊन येत असे. आणि तिथे मी एक अजब दृश्य बघितलं. गुरुजी मामाजींच्या अंगणात खुर्ची टाकून बसलेले, मांडीवर ते तांबड्या फडक्यातलं पुस्तक, आणि त्या त्या तारखेचा संत मोठ्यानं वाचताहेत. वर्गात धडा वाचतात तसं, पूर्णविरामाला थांबून. मामाजी समोर खाटेवर. कुठे गुरुजींचा उच्चार चुकला किंवा एखादा तपशील घाईत निसटला की मामाजी खडूनं पाटीवर टकटक करायचे. एकदा गुरुजींनी एका बाईचा छळ भरभर वाचून टाकला, तर मामाजींनी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'हळू. ती मरून राहिली.' गुरुजींनी चष्मा पुसला आणि तो परिच्छेद पुन्हा पहिल्यापासून वाचला.

सहाव्या दिवशी दुपारी मी आणि मामाजी दोघंच होतो. बायको आणि मामीजी आत होत्या. वाट बघण्यावाचून कुणाला काही काम नव्हतं, आणि कामं मात्र सगळी अडली होती. मी उगाच बोलायला काहीतरी हवं म्हणून म्हटलं, "मामाजी, त्या दिवशी सुई लागताना तुम्ही जे बोललात न, ते अगदी लॉरेन्ससारखं होतं. घाबरला नाहीत तुम्ही." मामाजींनी माझ्याकडे बघितलं, पाटी ओढली, आणि लिहायला लागले. लिहायचे, मला दाखवायचे, बाहीनं पुसायचे, पुन्हा लिहायचे.

'ते तोंडातून निघालं. आतून मी पळतच होतो.'

'चाळीस सिपाही होते. बर्फाच्या तलावात उघडे उभे केले. काठावर गरम पाणी ठेवलं. जो देवाले नाही म्हणंल त्यानं यावं, शेकावं.'

'एकोणचाळीस मेले. एक पळाला.'

'त्या एकाचं नाव पुस्तकात नाही. मी सिस्टरले विचारलं होतं.'

मी विचारलं, मग सिस्टर काय म्हणाली? मामाजींनी पाटी पुसली. मग लिहिलं, 'म्हणाली, नाम भगवान को मालूम होगा.' आणि त्याखाली, जरा लहान अक्षरांत, 'मले वाटे, गोष्टी सांगता सांगता आपली भीती जाईल. चौतीस वर्षं वाट पाहिली. नाही गेली.' मी ते वाचलं आहे एवढी खात्री होताच त्यांनी पाटी बाहीनं स्वच्छ पुसून खाटेखाली ठेवली. थोड्या वेळानं मामीजी चहा घेऊन आल्या तेव्हा आम्ही दोघं अंगणातल्या कोंबड्या बघत बसलो होतो.

आठव्या दिवशी आम्ही तिघं डॉक्टरीणबाईंसमोर बसलो. त्यांनी पाकीट फोडलं, कागद वरून खाली वाचला, पुन्हा वरून खाली वाचला. माणूस एवढा हळू का वाचतो, असं मला त्यांच्याबद्दल वाटून गेलं. मग त्यांनी मान वर केली. "साधी गाठ आहे. कॅन्सर नाही. काढून टाकली, संपलं."

माझ्या बायकोनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मामाजींनी पाटी काढली आणि लिहिलं, 'परत सांगा.'

"कॅन्सर नाही, काका."

मामाजींनी तेच दोन शब्द खडूच्या टोकानं पुन्हा दाखवले. डॉक्टरीणबाई हसल्या, खुर्ची जरा पुढे ओढून बसल्या, आणि लहान मुलाला सांगतात तसं एकेक शब्द तोडून तिसऱ्यांदा म्हणाल्या, "कॅन्सर. नाही. काका." मामाजींचे ओठ हलले, पण आवाज काढायचा नाही हे त्यांना त्यातही आठवलं. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू दिलं. एवढं मोठं रडणं मी कधी इतकं निःशब्द बघितलं नव्हतं. बाहेर आल्यावर त्यांना भूक लागली. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. त्यांनी एका हॉटेलात चार आलुबोंडे खाल्ले, गरम नको अशी ताकीद असल्यामुळे एकेक फुंकून फुंकून, आणि मी आयुष्यात कुणाला एवढ्या गंभीरपणे आलुबोंडा खाताना पाहिलं नाही.

घरी मामीजींनी बातमी ऐकून आधी त्यांना खर्ऱ्यावरून यथेच्छ शिव्या दिल्या, वीस वर्षांच्या साठलेल्या, आणि मग पायरीवर बसून पदर डोळ्यांना लावला. गुरुजी हातात पुस्तक घेऊन फाटकाशी उभे होते. आत आले, मामाजींचा हात दोन्ही हातांत धरला. मग पुस्तक उघडून म्हणाले, "आजचा राहिला हाय भाऊ. बसा."

या गोष्टीला आता वर्ष होऊन गेलं. मामाजींचा आवाज परत आला, पण तो पहिला आवाज नाही. त्या आवाजात रोमचा सम्राट ओरडू शकत नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय की मोठ्यानं बोलू नका, थोडं बोला, त्यामुळे मामाजी आता दिवसाला एकच गोष्ट सांगतात, तीही इतकी हळू की ऐकणाऱ्याला अगदी जवळ सरकून बसावं लागतं. मला कधी कधी तो जुना आवाज हवासा वाटतो. जेवताना कुणीतरी मधेच मुंडकं उडवावं, ताकाच्या वाटीशी कुणाला तेलात सोडावं, आणि बायकोनं मला डोळ्यांनी खुणावावं, असं वाटतं. मग मी स्वतःलाच रागावतो. माणूस आपल्यात आहे, हे काय कमी आहे?

परवा धानाची कापणी सुरू झाली तेव्हा आम्ही गेलो होतो. मी अंगणात हातपाय धूत होतो. पलीकडे बांधावर मामाजी बसले होते आणि त्यांच्या शेजारी, जवळजवळ त्यांच्या खांद्याला टेकून, माझी बायको. वाऱ्यानं धान सळसळत होतं, त्यामुळे मला एकही शब्द ऐकू येत नव्हता. मामाजींचा हात तेवढा हवेत वर जात होता, थांबत होता, हळूच खाली येत होता. कोण होतं ते, आणि त्याचं पुढे काय झालं, कोण जाणे. मी तांब्या खाली ठेवला आणि तिथंच उभा राहिलो, गोष्ट संपेपर्यंत.